लोणकर तात्यांचे रस्ते

बारामतीत आम्ही राहायला आलो त्या सकाळी सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. गल्लीत एक गृहस्थ रस्त्यावर आडवी टेप पसरून उकिडवे बसले होते. पांढरा शुभ्र लेंगा, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि टेपचं पलीकडचं टोक हलू नये म्हणून त्यावर ठेवलेली स्वतःची एक चप्पल. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गृहस्थांनी मान वर न करता नुसता हात वर केला.

मी उतरून पुढे गेले. म्हटलं, "काका, जरा टेम्पो जाऊ देता का?"

"जाऊ देतो की. आधी आकडा लिहू द्या." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गेल्या साली ह्यो रस्ता हितं सहा मीटर हुता. आज पाच ब्याण्णव भरतोय. आठ सेंटिमीटर गेलं कुठं?"

आठ सेंटिमीटर मी घेतलेले नव्हते, एवढंच मला ठामपणे सांगता आलं असतं.

"कोपऱ्यावरचं घर घेतलं ते तुमीच का? आधी कुठं हुता?"

"इंदापूरला."

"इंदापूरला कुठल्या रस्त्यावर?"

मी गल्लीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नाव न्हाय इचारलं, बाई. वर्ग इचारला. रस्त्याचा वर्ग कुठला?"

रस्त्यांनाही वर्ग असतात, हे शाळेत वीस वर्षं गणित शिकवूनही मला ठाऊक नव्हतं.  गृहस्थांना माझी दया आली असावी. त्यांनी चप्पल पायात घातली, टेप गुंडाळली आणि ड्रायव्हरला टेम्पो आत घेण्याची खूण केली. हे श्रीपतराव लोणकर. आमच्या समोरच्या घरात राहतात. सगळी कॉलनी त्यांना तात्या म्हणते.

ते आठ सेंटिमीटर दुपारपर्यंत सापडले. टेप लावली होती तिथल्याच एका वहिनींनी दारापुढे नवी शहाबादी पायरी घातली होती. वहिनींनी पायरी काढली नाही. तात्यांनी भांडणही केलं नाही. भिंतीवर खडूनं एक बाण काढला, खाली तारीख घातली, आणि "नोंद राहावी म्हणून" असं म्हणून निघून गेले. पावसाळ्यात बाण धुऊन जातो. दिवाळीच्या आधी तात्या तो पुन्हा काढतात. वहिनी आता त्याच्याभोवती रांगोळी घालतात.

तात्या सरकारी नगररचना कचेरीत आरेखक होते. म्हणजे साहेब लोक शहराचे आराखडे ठरवणार आणि तात्या ते शाईनं कागदावर उतरवणार. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी रस्त्यांच्या रेघा ओढल्या. पुढे ते काम संगणकावर गेलं आणि तात्या निवृत्त झाले. संगणकाबद्दल त्यांचं मत एवढंच की, "त्येला रेघ येती. पण रेघ वढताना हात थांबत न्हाय त्येचा."

निवृत्तीनंतर माणसं देवळात जायला लागतात, पत्ते खेळतात, मुलांकडे पुण्याला जाऊन कंटाळून परत येतात. तात्यांनी गावातल्या रस्त्यांना आपापल्या वर्गात बसवायचं काम हातात घेतलं. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक भिंतभर नकाशा आहे, स्वतः काढलेला. त्यावर बारामतीतला एकूण एक रस्ता लाल, नारिंगी, पिवळ्या नाहीतर करड्या शाईत आहे. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी नकाशा असतो.

त्यांचा सिद्धांत साधा आहे. मी तो इतक्यांदा ऐकलाय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. "बाई, रस्त्याला दोनच कामं. एक न्यायचं, न्हायतर पोचवायचं. जो नेतो त्यानं थांबायचं न्हाय. जो पोचवतो त्यानं पळायचं न्हाय. दोन्ही कामं एकाच रस्त्याला सांगितली की त्यो कामातनं गेला."

लाल म्हणजे मुख्य रस्ता, गावातून गावाला नेणारा. नारिंगी त्याच्या हाताखालचा. करडी म्हणजे आमच्यासारखी गल्ली, दारात पोचवणारी. आणि पिवळा म्हणजे या गल्ल्यांमधली वाहनं गोळा करून मोठ्या रस्त्याच्या हवाली करणारा. याला मराठीत संकलक रस्ता म्हणतात, पण तात्यांच्या कचेरीत त्याला कलेक्टर रोड म्हणायचे, म्हणून तात्याही तेच म्हणतात. त्यामुळे एकदा मोठा घोटाळा झाला. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष शेळकेमामा यांना तात्या बोलताबोलता म्हणाले, "मामा, म्होरच्या रस्त्याचं आता नक्की झालं. कलेक्टर." मामांच्या मनात एकच कलेक्टर. त्यांनी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर निरोप फिरवला. दुसऱ्या दिवशी पुढचा रस्ता झाडून पाणी मारून तयार, दोन्ही बाजूंना रांगोळ्या, बायका ओवाळायची ताटं घेऊन उभ्या. तात्या फिरून आले आणि हे सगळं पाहून गहिवरले. एका रस्त्याचा वर्ग ठरला म्हणून लोक एवढे खूश होतील, असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. खरं काय ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मामांनीही नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की तात्या घडीची खुर्ची घेऊन चौकात बसतात आणि वाहनं मोजतात. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं हे गुप्त पोलीस. एका वडापाववाल्यानं घाबरून आपला गाडा दोन दिवस बंद ठेवला. तात्यांच्या वहीत वाहनं नुसती मोजलेली नसतात, तोललेली असतात. मोटार म्हणजे एक. सायकल अर्धी. उसाची बैलगाडी आठ, कारण ती आठ मोटारींची वाट अडवते. ही सवय पुढे वाहनांपुरती राहिली नाही. सांगवीला एका लग्नाला जाऊन आले तेव्हा मी विचारलं, किती लोक होते? म्हणाले, "तीनेकशे मोटारी धरा. नवऱ्या मुलाचा मामा एकटाच बैलगाडीत जातोय."

कुसुमकाकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं कसं सहन करतात असं मला आधी वाटायचं. मग लक्षात आलं, त्या सहन करतच नाहीत. स्वयंपाकघर ते बैठकीची खोली हा घरातला मुख्य रस्ता, त्यावर बसून भाजी निवडायची नाही, असा तात्यांचा नियम आहे. काकू बरोबर तिथेच विळी घेऊन बसतात. "बाजूनं जावा," म्हणतात. "आता हितं वळणरस्ता झालाय." आणि मला सांगतात, "मला बी धरलंय ह्यांनी हिशेबात. बाजारातनं दोन पिशव्या घेऊन आले की म्हणत्यात, आता तुझी रिक्षा झाली."

असे हे तात्या. आमचं छान चाललं होतं. मग शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला.

आमची गल्ली शेवटाला बंद आहे. तिथे एक भिंत, भिंतीमागे बाभळींची पडीक पट्टी, आणि तिच्यापलीकडे मोठी शाळा. मसुद्यात ती भिंत नव्हती. आमची गल्ली रुंद होऊन पट्टीतून सरळ शाळेच्या रस्त्याला जाऊन मिळाली होती. रुंद होऊन म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांचा पुढचा भाग घेऊन. माझा ओटा त्यात जात होता. ओटा म्हणजे फार काही नाही. एक कडाप्प्याचा बाक आणि जाईचा वेल. पण शाळेतून आल्यावर चहाचा कप घेऊन मी तिथे अर्धा तास एकटी बसते, आणि दिवसातला तेवढाच अर्धा तास मला कोणी काही विचारत नाही.

शेळकेमामांच्या गच्चीवर संध्याकाळी सगळी कॉलनी जमली. हरकत घ्यायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. ती लिहायची कोणी यावरही एकमत होतं. आपल्यात तात्या असताना वकील कशाला?

तात्या म्हणाले, "चार दिस द्या. बघून सांगतो."

चार दिवस तात्या दिसले नाहीत. म्हणजे सकाळी घडीची खुर्ची घेऊन जायचे ते ऊन चढल्यावर परत यायचे, पुन्हा दुपारी जायचे. पाचव्या दिवशी गच्चीवर पुन्हा सगळे जमले. मामांनी कागद-पेन तयार ठेवलं होतं. तात्या उभे राहिले.

"रस्ता बरोबर हाय," ते म्हणाले.

कोणाला आधी कळलंच नाही. मामा म्हणाले, "बरोबर हाय म्हंजे?"

"म्हंजे जिथं काढलाय तिथंच पायजे. शाळेची पोरं आता मोठ्या रस्त्यानं जात्यात, सायकलीवर. एका अंगाला गटार आन् दुसऱ्या अंगाला उसाचं ट्रॅक्टर. चार दिस बघतोय म्या. पोरांना दुसरी वाट न्हाय. ती वाट निघाली तर हितनंच निघती. दुसरीकडनं काढून बघितली, न्हाय निघत."

"तात्या, तुमचं घर सगळ्यात म्होरं हाय. पहिलं तुमचंच जाणार!"

"व्हय. दोन मीटर वीस. बैठकीची खोली अर्धी जाती. मोजलंय म्या."

"मग?"

"मग काय? घर माझं हाय म्हणून रस्ता चुकीचा कसा हुईल?"

गच्चीवर जो आरडाओरडा झाला तो मी लिहीत नाही. त्यात मीही होते. कोणी म्हणालं, यांची नोकरी सुटली पण साहेबांची चाकरी सुटली नाही. तात्या ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "हरकत तुमी घ्या. तुमचा हक्क हाय त्यो. लिहिताना आडलं तर मला इचारा, म्या भाषा नीट करून दीन. पण सही मागू नका."

आणि खरोखरच, सगळ्या घरांच्या हरकती गेल्या आणि त्यांच्याबरोबर एकच अर्ज रस्त्याच्या बाजूनं गेला. सुनावणीला आम्ही सगळे हजर होतो. समोर एक तरुण अधिकारी बसले होते. तात्यांचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. "काका, तुमची काहीतरी चूक झालीय. तुमचं घर या रस्त्यात जातंय."

"जातंय, सायब. म्हणूनच लिहून दिलंय. लोकास्नी वाटाय नको की ज्याचं काय जात न्हाय त्यो बोलतोय."

अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्यातलं कोणी बघत नव्हतं.

त्यानंतर कॉलनीनं तात्यांशी बोलणं टाकलं. असं कोणी ठरवलं नाही, झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुसुमकाकूंना कोणी बोलावलं नाही. मामा समोरून आले तर मोबाइल काढून कानाला लावायचे. मीही भांडले नाही. फक्त सकाळी गेटपाशी थांबून दोन शब्द बोलायचे ते बंद केलं. ते भांडणापेक्षा वाईट आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

तात्यांनी तक्रार केली नाही. फक्त गल्लीत टेप लावणं थांबवलं. कधी सकाळी टेप हातात घेऊन फाटकापर्यंत यायचे, दोन्ही बाजूंना बघायचे, आणि तसेच आत जायचे.

आराखडा पुढे मंजुरीला गेला आणि अजून तिकडेच आहे. भिंत आहे, बाभळी आहेत, माझा ओटाही आहे. माझी हरकत मी मागे घेतलेली नाही. पण तात्यांशी मी पुन्हा कशी बोलायला लागले, ते सांगायलाच हवं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी कुसुमकाकू दारात आल्या. आत आल्या नाहीत. "ह्यांचा पाय मुरगाळलाय. गटारात गेला. तुमाला बोलिवलंय. यायचं आसंल तर या, नसंल तर न्हाय म्हणून सांगते."

मी गेले. तात्या कॉटवर बसले होते, पाय उशीवर, घोटा सुजून गोळा झालेला. मला बघून ते उठायला लागले, मग पाय आठवून बसले. 

"एक काम हुतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांगता येत न्हाय. मुलगी लांब, हिचं गुडघं गेल्यालं. तुमाला स्कूटर हाय. आन् गणित शिकिवता, तवा येगाचं न् अंतराचं तुमाला कळतं."

"काय काम?"

"उद्या सकाळी सव्वासातला भवानीनगरच्या अलीकडं फाट्यावर जायचं. एका बाईला रस्ता वलांडून द्यायचा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कोणाला?"

"माझी थोरली बहीण. सरूआक्का. घर रस्त्याच्या ह्या अंगाला, रान त्या अंगाला. आठवड्यातनं तीनदा ती भाजी काढाया जाती, तवा म्या जातो, पहिल्या एसटीनं. वलांडून देतो आन् परत येतो. पोराची कारखान्यात पाळी आसती, सकाळचं त्येला जमत न्हाय, परत आणाया त्यो आसतो. एक दिस गेलो न्हाय तर ती एकटी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि उशीखालून एक कागद काढला.

तो नकाशा होता, प्रमाणात काढलेला. फाटा, वळण, चिंचेचं झाड, आक्कांचं घर. एके ठिकाणी लहान गोल आणि त्याच्या शेजारी तात्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात सूचना: येथे उभे राहावे. वळणापलीकडचे वाहन येथूनच दिसते. ट्रॅक्टर गेल्यावर दुसरी ट्रॉली असते, हे विसरू नये. घाई करू नये. आणि सगळ्यात खाली: डावा हात धरावा. उजवा खांदा दुखतो.

त्या कागदाला नाही म्हणणं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंधुक उजेडातच निघाले. भवानीनगरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, वर धुकं, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा तो गोडसर आंबूस वास. उसाची वाहनं एकामागून एक चालली होती. कागदावरच्या चिंचेखाली एक म्हातारी दगडावर बसलेली दिसली. हिरवं नऊवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर रिकामी पाटी. मी स्कूटर लावली. तिनं माझ्या मागे पाहिलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून.

"शिरपा न्हाय आला?"

"त्यांचा पाय मुरगाळलाय, आक्का. मी समोर राहते त्यांच्या. मला पाठवलंय."

"लई लागलंय?"

"नाही. आठ-दहा दिवसांत बरे होतील."

"बस जरा," त्या म्हणाल्या, आणि दगडावर सरकून मला जागा केली. रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला सांगितलं का त्यानं, ह्यो रस्ता कुणी काढला त्ये?"

"नाही."

"त्यानंच."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी हा रस्ता इथून जात नव्हता, गावातून जायचा. उसाची वाहनं गावात अडकायची म्हणून गावाबाहेरून काढायचं ठरलं. तेव्हा तात्या त्या कचेरीत होते. रेघ साहेबांनी ठरवली, शाईनं ओढायला तात्यांच्या टेबलावर आली. ती आक्कांच्या रानाच्या मधोमध होती. घर अलीकडे, विहीर आणि भाजीचं रान पलीकडे.

"सायब भला हुता म्हणं. शिरपाला म्हणला, तुझ्या बहिणीचं रान हाय न्हवं ह्ये, सरकवायची का जरा? ह्यो म्हणला, नको. सरकिवली तर खालच्या अंगाची दोन घरं जात्यात." आक्कांनी पाटी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "आन् मला सांगितलं न्हाय त्यानं. एका शब्दानं न्हाय. दगड रोवाय माणसं आली तवा मला कळलं. म्या इचारलं त्याला, तुझ्याच हातानं काढलीस व्हय रं? म्हणला, व्हय आक्का."

"मग?"

"मग काय. सात वर्सं तोंड बघितलं न्हाय म्या त्याचं. भाऊबीजंला यायचा, दारात उभा ऱ्हायचा. म्या कडी लावून घ्यायची. लई येळ उभा ऱ्हायचा आन् जायचा. सात वर्सं आला. मग म्हातारी झाले. रागवायला बी ताकद लागती, बाई."

मी त्यांना आमच्या गल्लीचं सांगितलं. तात्यांचा अर्ज, बैठकीची अर्धी खोली, आमचा अबोला. आक्का ऐकत होत्या. मधेच हसल्या, पण ते हसणं लगेच विरलं.

"त्याचं घर गेलं तर बरंच वाटंल त्याला," त्या म्हणाल्या. "माझं रान त्यानं वाचिवलं न्हाय. आता सोताचं घर वाचिवलं तर मला तोंड कसं दावंल? तुमी उगं रागावला त्याच्यावर."

 ऊन वर येत होतं. आक्का उठल्या, पाटी डोक्यावर ठेवली. मी कागदावर दाखवलेल्या जागी उभी राहिले आणि त्यांचा डावा हात धरला. वळणावरून एक ट्रॅक्टर येत होता, मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. तो गेला. त्याच्यामागे मोटारसायकल. मग एक ट्रक, बराच लांब. त्याचा वेग किती, अंतर किती, आपल्याला किती सेकंद लागतील, असा मी विचार करत होते, तेवढ्यात माझ्या हाताला हिसका बसला. आक्का मला ओढत निघाल्या होत्या. आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा ट्रक अजून चिंचेच्याही मागे होता.

"येवढा इचार करत ऱ्हायलं तर दुपार हुईल हितं," आक्का म्हणाल्या. त्यांना दमही लागला नव्हता. मला लागला होता.

"आक्का, तुम्हाला तर मुळीच भीती वाटत नाही."

"भ्यायचं काय त्यात? दिसातनं चारदा वलांडते. श्याळ्या घेऊन बी वलांडते."

समोर त्यांचं मेथीचं रान होतं. वाफे ओले होते. विहिरीवरची मोटर चालू होती आणि पाटानं पाणी वाहत होतं. मी पाण्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे.

"मोटर कोणी चालू केली?"

"म्याच. उजाडताना येऊन गेले की."

"म्हणजे तुम्ही एकदा इकडे येऊन, परत पलीकडे जाऊन, तिथे दगडावर..."

"त्यो यायचा आसतो न्हवं," आक्का म्हणाल्या. त्या वाकून जुडीभर मेथी उपटायला लागल्या होत्या, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. "येवढ्या लांबनं येतो. हात धरतो. इकडं बघतो, तिकडं बघतो. त्याला बरं वाटतं. म्या गप चालते त्याच्या संगं." जुडीची माती त्यांनी झटकली आणि ती माझ्या हातात दिली. "ह्ये त्याला दे. आन् मोटरचं काय बोलू नगंस."

मी परत आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. तात्या खिडकीत बसून होते. कॉट खिडकीपाशी ओढून घेतलेली दिसत होती. मी मेथी कुसुमकाकूंच्या हातात दिली आणि खुर्चीवर बसले.

"वलांडली?" तात्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही सांगितलं होतं तिथूनच."

"ट्रॅक्टर हुता?"

"एक होता. दोन ट्रॉल्यांचा. दोन्ही गेल्यावरच निघालो."

तात्यांनी मान हलवली. 

"घाबरली का?"

"जरा," मी म्हटलं. "माझा हात घट्ट धरला होता त्यांनी."

"घाबरायचीच." ते हळूच म्हणाले. "वय झालं आता. लहानपणी वढ्याला पाणी आलं की मला पाठकुळी घेऊन तीच पल्याड न्यायची, शाळंला. छातीपतुर पाणी आसायचं. तवा कधी न्हाय घाबरली."

मी खाली पाहिलं. कुसुमकाकू स्वयंपाकघराच्या वाटेत बसून मेथी निवडत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"बुधवारचं काय करावं?" तात्या म्हणाले. "बुधवारी बी जायचं आसतं."

"मी जाईन," मी म्हणाले. "माझी शाळा अकराची आहे."